वेचणारीचा पेपर

इंग्रजी येतं का, असं आजवर बटाट्याने कुणाला विचारलं नव्हतं. त्या वर्षी विचारलं.

त्या वर्षी हवाच बिघडली होती. बटाटा जमिनीतून निघाला तोच ओला, आणि वर आभाळ रोज तोंड फुगवून बसलेलं. ऊन नाही, वारा नाही, नुसती वाफ. शेडमध्ये पोती येऊन पडायची आणि त्यांच्या तळातून काळं पाणी झिरपायचं. सडक्या बटाट्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. तो केसांत बसतो, पदरात बसतो, आंघोळ करून जेवायला बसावं तर पहिल्या घासाला नाकाशी येतो. वेचणाऱ्या बायकांना त्याची सवय होती. त्या सवयीलाही त्या वर्षी मळमळायला लागलं.

शेडमध्ये एक लांब उतरती लाकडी फळी होती. हमाल वरच्या टोकाला पोतं ओतायचा, बटाटे गडगडत खाली यायचे. दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका त्यांतले सडके, हिरवे, कुदळ लागलेले उचलून पाठीमागच्या टोपल्यांत टाकायच्या. बाकीचे आपल्या पायांनी खालच्या पोत्यात जायचे. फळीच्या डोक्याशी आत्याबाई असायच्या. त्यांची थोरली सून त्यांच्या समोर. शेडमधल्या सगळ्याच बायका त्यांना आत्याबाई म्हणायच्या, आणि आत्याबाईंचा कायदा एकच होता. चांगल्याला हात लावायचा नाही. नव्या बटाट्याचं साल कागदासारखं असतं, बोट लागलं की सुटतं, आणि साल सुटलेला बटाटा पोत्यात आजूबाजूच्यांना घेऊन सडतो. नवी आलेली बाई एखादा गोरागोमटा बटाटा उचलून निरखायला लागली की आत्याबाई तिथूनच ओरडायच्या, "काय बघतेस एवढं? स्थळ आलंय का? ठेव खाली!"

थोरली या फळीवर लग्नानंतर लवकरच आली होती. तिला आता बटाट्याकडे बघावंही लागत नसे. डोळे जरा लांब कुठेतरी ठेवायचे, सडका असेल तो आपणच डोळ्यांत घुसतो आणि हात निघतो. ती बोलायची कमी. घरातही तिचं बोलणं बहुतेक 'नको' या शब्दावर भागायचं. साडी आणू का, नको. माहेरी जाऊन येतेस का, आत्ता नको. यातून उरेल ते तिचं.

सडक्या मालाला कंटाळून जुन्या मालकाने शेड एका कंपनीला विकून टाकली. नवे साहेब आले. वय फार नव्हतं, चेहऱ्यावर झोप कमी झालेल्या माणसाचा रंग. नाकाला रुमाल लावून त्यांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि सांगितलं की मशीन येणार. बटाटे पट्ट्यावरून जातील, मशीनच चांगलं-वाईट ओळखेल. फळी बंद. मशीन सांभाळायला मोजक्या बायका ठेवणार, कायमच्या.

"कोणत्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"परीक्षा होईल. इंग्रजीची. व्याकरण आणि क्रियापदाची रूपं."

मग एक बाई दबकत म्हणाली, "साहेब, मशीनला व्याकरण कशाला लागतं?"

साहेबांनी रुमाल खाली घेतला, परत लावला. "मशीनवर सगळं इंग्रजीत लिहून येतं. आणि हे बघा, पेपर मी काढलेला नाही. वरून आलाय. मलाही विचारून आलेला नाही." मग जाता जाता म्हणाले, "आणि एका घरातून एकच. तेही वरूनच आलंय."

वाटेने घरी येताना आत्याबाई पुढे पुढे चालत होत्या. विहिरीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "अगं, क्रियापद म्हणजे काय?"

"काम दाखवणारा शब्द असतो, आत्याबाई. जाणं, येणं, खाणं."

"मग त्याचं रूप बघायचं म्हणजे? काम दिसायला गोरं का सावळं?"

थोरली हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांचं शेडमधलं आयुष्य अंगणातल्या त्या चार वाक्यांत संपलं होतं, हे त्यांना कळलं होतं आणि त्या ते विहिरीपाशीच सोडून द्यायला बघत होत्या.

घरात थोरला मुलगा, थोरलीचा नवरा, खाटेवर पडलेला. ह्याच शेडमध्ये पोतं उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी सरकलं, तेव्हापासून तो उताणा पडून वाशांकडे बघायचा आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचा. धाकटा ट्रक घेऊन मुलखाबाहेर असायचा, महिन्याकाठी उगवायचा. त्याची बायको, धाकटी, अंगावर पिणाऱ्या मुलीला घेऊन घर सांभाळत होती. शाळा दोन्ही सुनांनी केली होती. थोरलीने चांगली केली होती. धाकटी दरवर्षी कशात ना कशात नापास होत, वर ढकलली जात, शेवटी लग्नातच पास झाली होती, असं ती स्वतःच सांगायची.

"थोरली बसेल परीक्षेला," आत्याबाई म्हणाल्या. ठरलंच होतं ते.

"धाकटीचंही नाव द्या," थोरला खाटेवरून म्हणाला. "शेडचा कारकून दारावरून जाताना सांगून गेला, एका घरातून दोन नावं चालतात. घेणार एकच, पण दोन गळ टाकले तर बरं."

"अहो भावोजी, मला 'ए' पासून सुरुवात करावी लागेल," धाकटी म्हणाली.

"तू नुसती बस. बसायला काय जातंय?"

त्या रात्री थोरलीला धडकी भरली. हे काम गेलं तर काय, हे तिला लख्ख दिसत होतं. सकाळी उठून केस विंचरून घराबाहेर पडणं गेलं. फळीवरच्या चेष्टा गेल्या. खाट, चूल, आणि खाटेवरचं मत, एवढंच उरणार. घरात पैसा धाकट्याचाही येत होता, उपाशी कुणी मरणार नव्हतं. पण तिला ते काम हवं होतं. हवं होतं, हे तिने स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नाही.

गावात एक निवृत्त मास्तर होते. दात गेले होते, आवाज राहिला होता. शिकवायला कुणी बोलावत नसल्यामुळे ते कुत्र्यामांजरांच्या चुका काढत फिरायचे. आत्याबाईंनी विचारल्यावर ते दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये हजर. मशीन यायला अवकाश होता, फळी अजून चालू होती, आणि माल इतका सडका येत होता की सुट्टीतही हात थांबवून चालत नव्हतं. बसायला जागा नव्हती. मास्तर फळीच्या टोकाला उभे राहिले आणि त्यांनी जोड्या वाचायला सुरुवात केली.

"दोन वाक्यं सांगतो. एक बरोबर, एक चूक. ही गोज. ही गो."

थोरली बटाटे वेचत होती. दुसरं वाक्य कानावर आलं आणि तिच्या हाताने एक सडका उचलून मागे भिरकावला. टोपलीत थप्प आवाज झाला.

"शाबास!" मास्तर ओरडले. "बरोबर टाकलंस! शी वेंट. शी गोड."

थप्प.

"आय हॅव ईट. आय हॅव ईटन."

थोरली थांबली. हात हवेत. मग पहिल्याला थप्प.

मास्तरांना एवढा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. वर्गात मुलं बरोबर उत्तर देताना माना खाली घालायची. इथे चुकीचं वाक्य फेकल्याचा आवाज यायचा. दोन-तीन दिवसांत अख्खी फळी त्यात सामील झाली. मास्तर वाचायचे आणि बायका सडकं वाक्य ओळखून फेकायच्या. कुणी चुकून चांगल्यावर फेकला तर बाकीच्या ओरडायच्या, "अगं, ते चांगलं होतं, त्याचं साल काढलंस!" आत्याबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याही कधीकधी फेकायच्या आणि मग विचारायच्या, "होतं का सडकं?" निम्म्या वेळा नसायचं. "मग असू दे," म्हणून त्या पुढच्या पोत्याकडे वळायच्या.

मास्तरांनी युक्तीही सांगितली. "बरोबर काय ते शोधत बसू नका. त्यात घोळ होतो. चुकीचं कानाला टोचतं. टोचलं की काढून टाका."

थोरलीला हे फार पटलं. तिचा सगळा जन्म असाच गेला होता.

संध्याकाळी ती घरी येऊन चुलीपुढे धाकटीला शिकवायची. धाकटीची पद्धत निराळी. तिच्या मांडीवर मूल, एका हाताने त्याला थोपटायचं, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि मास्तरांनी दिलेलं जुनं पुस्तक. कळलं की ती त्यावर बरोबरची खूण करायची, मोठी, शेपटीवाली, शाळेतल्या बाई करायच्या तशी.

"एवढ्या खुणा कशाला करतेस गं?"

"जाऊबाई, आयुष्यात माझ्या वहीवर लाल फुल्याच बघितल्यात. हौस भागवून घेते."

गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. धाकटी मुलीला जोजवताना हेच म्हणायला लागली आणि मूल त्यावर झोपायलाही लागलं. थोरला खाटेवरून म्हणाला, "कट, कट, कट हे तर तिन्ही सारखंच आहे. मग बाकीच्यांना काय धाड भरली होती?"

परीक्षा शेडमागच्या ऑफिसात झाली. टेबलं कमी पडली म्हणून उलट्या घातलेल्या क्रेटवर पुठ्ठे ठेवले होते. बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. कारकुनाने पेपर वाटले आणि घाईघाईने सांगितलं, "प्रत्येक ठिकाणी दोन वाक्यं आहेत. एक बरोबर, एक चूक. पेन्सिलीने खूण करायची. खाडाखोड नको." कशावर खूण करायची, हे त्याने सांगितलं नाही. ते काय सांगायचं असतं? वर इंग्रजीत छापलेलंही होतं. पण वर छापलेलं वाचायला कोण थांबतंय, खाली ओळखीची वाक्यं दिसत असताना!

थोरलीने पेपरावर नजर टाकली आणि तिचा जीव भांड्यात पडला. सगळं दिसत होतं. जोडीमागून जोडी फळीवरून यावी तशी येत होती आणि त्यातलं सडकं आपणच डोळ्यांत घुसत होतं. तिने पेन्सिल उचलली आणि सडक्यावर बारीक, नेमकी खूण केली. चांगल्याला शिसाचं टोकसुद्धा लागू दिलं नाही. काही जोड्यांशी ती अडली. दोन्ही वाक्यं सारखीच टवटवीत दिसत होती. तिथे तिने अंदाजाने कुठल्यातरी एकावर खूण केली. सगळ्यांच्या आधी तिचा पेपर झाला. तिने मागे वळून बघितलं. धाकटी जिभेचं टोक बाहेर काढून शेपटीवाल्या खुणा करत होती आणि तिच्या ब्लाउजवर दुधाचे डाग आले होते.

घरी येताना थोरलीने आपणहून गाणं गुणगुणलं. आत्याबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

निकाल शेडच्या दारावर लागला. धाकटी काठावर पास. थोरली सगळ्यांत खाली. तिच्या वर ती बाईसुद्धा होती जी पेपरावर झोपली होती.

कुणाला काही उमजेना. बायकांनी यादी वरून वाचली, खालून वाचली. "नावं उलटी लागली असतील," एक म्हणाली. कारकुनाने पडताळून पाहिलं. नावं सुलटीच होती. धाकटी तर घाबरली होती. "काहीतरी चुकलंय हो जाऊबाई. मी पास कशी होईन? मी कधी होते का?" पण असं म्हणताना तिचं तोंड आतून उजळलं होतं, आणि ते थोरलीला दिसलं.

थोरली फळीवर उभी राहिली आणि दिवसभर वेचत राहिली. मला काहीच येत नव्हतं का? मग ते जे दिसत होतं ते काय होतं? ती मनातल्या मनात जोडी घेऊन बघायची, ही गो, ही गोज. सडकं कोणतं ते अजूनही तसंच दिसायचं. म्हणजे आपल्याला दिसतं तेच खोटं. एवढा विचार झाल्यावर तिला बटाट्याचीही खात्री वाटेना. एक काळा डाग असलेला बटाटा ती हातात घेऊन उभी राहिली, सडका म्हणावा की नुसती माती लागलीय? आत्याबाई समोरून बघत होत्या. ओरडल्या नाहीत.

घरी खाटेवरून मत आलंच. "मास्तरने चुकीचं शिकवलं असणार. दात नाहीत त्याला, 'स' ला 'श' म्हणतो."

"मग धाकटी कशी पास झाली?" आत्याबाई म्हणाल्या.

"ते मला काय माहीत? मी पडून आहे."

आत्याबाई मग स्वतःच उठल्या. दुसऱ्या दिवशी त्या कारकुनापुढे जाऊन ठाण मांडून बसल्या आणि सुनेचा पेपर दाखव म्हणाल्या. नियमात बसत नाही असं तो म्हणाला. "मी तुझ्या नियमात बसायला आलेच नाही, इथे बसलेय," त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत पेपर मिळाला. तो त्यांनी मास्तरांच्या हातात दिला. थोरली शेजारी उभी होती, हातावरचा चिखल वाळत होता.

मास्तरांनी चष्मा लावला. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. परत पहिलं काढलं. मग ते सावकाश पोत्यावर टेकले.

"पोरी, ह्या खुणा तू कशावर केल्यास?"

"सडक्यावर," थोरली म्हणाली. "म्हणजे... चुकीच्यावर. काढायच्यावर."

"आणि बरोबर होतं त्याला?"

"त्याला कशाला हात लावायचा?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग हसायला लागले, मग हसू आवरून डोळे पुसले. "अगं, बरोबर असेल त्यावर खूण करायची असते. सगळ्या जगात. बारशापासून तेराव्यापर्यंत."

"मग ते आधी सांगायचं ना!" आत्याबाई म्हणाल्या.

"ते कुणी सांगतं का? बाकीच्यांनी शेजारणीच्या पेपरात बघून केलं असेल, तू मान वर केली नाहीस. आणि मी... मीच रोज फेकून द्या, फेकून द्या म्हणून ओरडत होतो." मास्तरांनी पेपर पुन्हा वर धरला. "बघा तरी काय झालंय. तुला जे येत होतं ते सगळं गेलं. आणि हे जे दोन-चार मार्क मिळालेत ना, ते तुला जे येत नव्हतं त्याचे आहेत."

थोरलीने ते ऐकलं. नीट समजायला तिला वेळ लागला. समजलं तेव्हा बरं वाटावं की रडावं हेही ठरेना, म्हणून ती दोन्ही न करता हात धुवायला गेली.

आत्याबाई तिला घेऊन साहेबांकडे गेल्या. मशीन त्याच दिवशी आलं होतं. ट्रकवरून खोकी उतरत होती आणि साहेब कागद हातात घेऊन कुठलं खोकं कुठे ते बघत होते. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी अर्धं ऐकलं, थांबले, म्हणाले, "परत सांगा." पुन्हा ऐकल्यावर त्यांनी सुनेकडे असं बघितलं, जणू ही खोटं बोलतेय की उपाशीपोटी मलाच भलतं ऐकू येतंय. शेवटी त्यांनी एक कोरा पेपर काढून एका खोक्यावर ठेवला.

"कर. आत्ता. बरोबर असेल त्यावर."

थोरलीने पेन्सिल घेतली. पहिली जोडी. सडकं दिसलं. हात तिकडे निघाला, तिने तो मागे ओढला. आता दुसऱ्यावर. पण दुसऱ्यावर पेन्सिल टेकवायला गेल्यावर तिला वाटलं, हे खरंच चांगलं आहे का? सडका ओळखता येतो, त्याला वास असतो, मऊ लागतो. चांगल्याला काय असतं? तो नुसता सडका नसतो. इतकी वर्षं तिच्या समोरून चांगले बटाटे गडगडत गेले आणि त्यांतला एकही तिने हातात घेतला नव्हता. चांगलं म्हणजे जे तिच्या हाताखालून निघून गेलं ते. हमाल खोकी ठेवून बघत उभे होते.

"होतंय ना?" साहेब म्हणाले.

"होतंय," ती म्हणाली आणि तिने चांगल्यावर पेन्सिल दाबली. टोक मोडलं. साहेबांनी खिशातलं पेन दिलं. नंतरच्या जोड्यांना ती प्रत्येक वेळी आधी सडक्याकडे जायची, तिथून ओढून काढायची स्वतःला, आणि दुसऱ्यावर यायची. काही ठिकाणी तिला यायलाच जमलं नाही, हात सडक्यावरच खूण करून बसला. हमालांचा चहा झाला तरी तिचा पेपर चालूच होता.

साहेबांनी तिथल्या तिथे तपासला. सगळं बरोबर नव्हतं. पण पास होती, धाकटीपेक्षा बरीच वर.

"हे मी वर कसं कळवू?" साहेब म्हणाले. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "चूक तुमची आहे. पण कारकुनानेही नीट सांगितलं नाही. आणि तुमच्या घरातून एक नाव गेलंयच." त्यांनी डोळे चोळले. "हे बघा, दोघी पास. जागा एक. मला काय, कुणीही या. घरात ठरवा आणि सोमवारी एकीला पाठवा. दोघी आलात तर दोघींनाही परत पाठवीन."

घरात ठरवायचं म्हणजे आत्याबाईंनी ठरवायचं. तिन्हीसांजेला सगळे खाटेभोवती जमले. बाहेर ढग तसेच. धाकटीचं मूल तिच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होतं.

"थोरलीच जाईल," थोरला म्हणाला. "तिला जास्त येतं. आणि धाकटीला तान्हं मूल. यात ठरवायचं काय?"

धाकटीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलली, कळलं नाही. मग ती एकाएकी म्हणाली, "भावोजी, मी पास झालेय."

"अगं हो, पण..."

"पहिल्यांदा. पहिल्यांदा झालेय. कुणी पेपर उलटा केला म्हणून नाही, कुणी ढकललं म्हणून नाही. खूण जिथे करायची तिथे मी केली." तिचा आवाज चिरकला. मूल दचकलं. "मुलीला आत्याबाई बघतील. मी दूध काढून ठेवीन. मला त्या मशीनपाशी उभं राहून बघायचंय. मी नको जाऊ का?"

थोरला वाशांकडे बघायला लागला. आत्याबाईंनी एका सुनेकडे बघितलं, मग दुसरीकडे. शेडमध्ये त्यांनी कधी इतका वेळ लावला नव्हता. "मला यातलं वाईट दाखवा," त्या म्हणाल्या, "मी आत्ता बाजूला काढते. दोन्ही चांगली असल्यावर काय करायचं ते मला येत नाही." आणि त्या खरोखरच उठून पाणी भरायला गेल्या.

मग धाकटीच थोरलीकडे वळली. तिचा आवाज आता चिरकत नव्हता. "जाऊबाई, शिकवलंत तुम्ही. तुम्ही म्हणाल तर मी बसेन घरी. राग धरणार नाही. पण तुम्ही तोंडाने म्हणा. दरवेळी तुम्ही नको म्हणता आणि आम्ही घेतो. या वेळी काय ते म्हणा."

थोरलीच्या तोंडात 'नको' तयारच होतं. 'मला नको, तू जा.' त्याने सगळं सोपं झालं असतं. धाकटी गळ्यात पडली असती, आत्याबाईंनी नजर चुकवून डोळे पुसले असते, आणि गावाने म्हटलं असतं, जाऊ असावी तर अशी. तिने धाकटीकडे बघितलं. ही पोरगी वाईट नव्हती. तिच्यात काढून टाकण्यासारखं काहीच नव्हतं. तिची हौस खरी होती, आणि आपण बोललो तर ती हौस तिथेच मोडणार होती, हे थोरलीला सगळं दिसत होतं.

"मला जायचंय," थोरली म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की खाटेवरून थोरल्याने "काय?" केलं.

"मला जायचंय. मला ते काम हवंय."

धाकटीने "बरं" म्हटलं, मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत गेली. आतून मुलीला जोजवण्याचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते.

सोमवारी थोरली मशीनवर गेली. हातमोजे मिळाले, डोक्याला टोपी मिळाली. पट्टा सुरू झाला तेव्हा जमीन हादरल्यासारखी झाली आणि ती मागे सरली. मग पुढे आली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटायचं, थोडं कळायचं, बरंचसं नाही, आणि शेजारच्या बाईलाही कळत नव्हतं म्हणून दोघी साहेबांना हाक मारायच्या, आणि साहेब पुस्तक उघडून बघायचे. पायांत गोळे आले. दुपारी डबा उघडला तेव्हा हातांना सडक्याचा वास नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. दिवसभर तिला वाईट वाटत होतं आणि दिवसभर ती खूश होती. दोन्ही एकदम कसं होतं, हे तिला समजत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आली तर धाकटीने ताट वाढून ठेवलेलं. गरम. तिने वर बघितलं नाही. ताट सरकवलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. थोरलीने पहिला घास घेतला. पाणी प्यायली. आत्याबाई उंबऱ्यात बसून दोघींच्या मधल्या जमिनीकडे बघत होत्या.

"आणखी वाढू?" धाकटीने पाठमोरीच विचारलं.

"वाढ," थोरली म्हणाली, आणि पोटभर जेवली.